अस्थिव्यंगोपचार आणि संधिवातशास्त्र : दोन शब्द, दोन वाटा
(भाषणाचा मजकूर)



ग्वाल्हेर शहराच्या लष्कर भागात मराठी बोलणारी घराणी दोनशे वर्षांहून अधिक काळ नांदत आहेत. दौलतराव शिंदे यांनी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या दक्षिणेस आपल्या सैन्याचा तळ दिला आणि त्या तळाचेच पुढे शहर झाले. शिंदे की छावनी, फालके बाजार, चिटनीस की गोठ ही तेथील मोहल्ल्यांची नावे आजही त्या इतिहासाची साक्ष देतात. ह्याच लष्कर भागात जयारोग्य रुग्णालय आहे. जयाजीराव शिंद्यांचे नाव आणि ‘आरोग्य’ हा शब्द यांचा संधी करून हे नाव तयार झाले. त्याला जोडलेले वैद्यकीय महाविद्यालय १९४६ मध्ये सुरू झाले व त्यास जिवाजीरावांच्या मातोश्री गजराराजे यांचे नाव देण्यात आले. ग्वाल्हेरच्या मराठी घरांतच नव्हे, तर चंबळ खोऱ्यातील खेड्यापाड्यांतही हाडांचे दुखणे निघाले की पावले ह्याच दिशेने वळतात.

येथे मराठी माणसापुढे एक लहानशी अडचण उभी राहते. महाराष्ट्रातील शासकीय रुग्णालयांत हाडांच्या उपचारांच्या विभागास ‘अस्थिव्यंगोपचार विभाग’ असे म्हणतात. हिंदी भाषिक प्रदेशात त्याच विभागास सामान्यतः ‘अस्थि रोग विभाग’ असे नाव असते. घरातील वडीलधारी माणसे ‘वात’ म्हणतात, शेजारी ‘गठिया’ म्हणतात, औषधाच्या दुकानातील बाटलीवर ‘ऑर्थो’ असते, आणि डॉक्टरांच्या कागदावर ‘आर्थ्रायटिस’ लिहिलेले असते. ह्या सर्व शब्दांचा अर्थ एकच, असा समज होणे स्वाभाविक आहे. तथापि तो समज खरा नाही, आणि त्यापायी एखाद्याचा हात, एखाद्याचा गुडघा, क्वचित एखाद्या बालकाचे हृदयही कायमचे अधू होऊ शकते. म्हणून हाडे व सांधे यांच्या उपचाराशी निगडित असलेल्या दोन शास्त्रांचा, म्हणजे अस्थिव्यंगोपचार आणि संधिवातशास्त्र यांचा भेद नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

‘ऑर्थो’ म्हणजे हाड नव्हे

अस्थिव्यंगोपचारास इंग्रजीत ऑर्थोपेडिक्स म्हणतात. ह्या शब्दाचा जन्म १७४१ सालचा. पॅरिस येथील निकोलस आंद्री नावाच्या वैद्याने वयाची ऐंशी वर्षे उलटल्यावर एक ग्रंथ लिहिला व त्यासाठी हा शब्द घडविला. ग्रीक भाषेत ‘ऑर्थोस’ म्हणजे सरळ आणि ‘पेडिऑन’ म्हणजे बालक. मुलांच्या शरीरातील वाकडेपणा टाळावा कसा व आलाच तर दुरुस्त करावा कसा, हा त्या ग्रंथाचा विषय होता, आणि तो मुख्यतः आईबाप व बालकांचा सांभाळ करणारे यांच्यासाठी लिहिलेला होता. वाकडे वाढणारे कोवळे झाड सरळ खुंटास दोरीने बांधलेले आहे, असे एक चित्र त्या ग्रंथात होते. जगातील अनेक अस्थिव्यंगोपचार संस्थांनी तेच चित्र आपले बोधचिन्ह म्हणून स्वीकारले आहे.

म्हणजे ‘ऑर्थो’ ह्या शब्दात हाड कोठेच नाही. हाडासाठी ग्रीक शब्द ‘ऑस्टिऑन’ हा आहे. त्यावरून हाडे ठिसूळ होण्याच्या विकारास ऑस्टिओपोरोसिस हे नाव पडले. सांध्यासाठी ‘आर्थ्रॉन’ हा शब्द आहे. त्यावरून सांध्याच्या दाहास आर्थ्रायटिस म्हणतात. देवनागरीत लिहिताना ‘ऑर्थो’ आणि ‘आर्थ्रो’ हे दोन शब्द इतके जवळ येतात की वाचणाऱ्याची गल्लत व्हावी. पहिल्याचा अर्थ सरळ, दुसऱ्याचा अर्थ सांधा. वाकडे दात सरळ करणाऱ्या दंतवैद्यास ऑर्थोडॉन्टिस्ट म्हणतात, हे लक्षात ठेवले म्हणजे पुन्हा चूक होत नाही.

ह्या दृष्टीने पाहता ‘अस्थिव्यंगोपचार’ हा मराठी शब्द मूळ कल्पनेच्या अधिक जवळ आहे असे म्हणावयास हरकत नाही. त्यात व्यंग आहे, आणि व्यंग दूर करण्याचा उपचारही आहे. आज ह्या शास्त्राचा विस्तार फार मोठा झाला आहे. मोडलेली हाडे, निखळलेले सांधे, जन्मतः वाकडी असलेली पावले, मणक्यांचे दोष, झिजलेल्या सांध्यांच्या जागी कृत्रिम सांधे बसविणे, हे सर्व त्यात येते. त्याचे मुख्य साधन हात आणि शस्त्र हे होय. हाड जागेवर बसविणे, ते तेथे धरून ठेवणे आणि नंतर त्यास चालते करणे, ही त्याची रीत आहे.

संधिवातशास्त्राची कल्पना

दुसऱ्या शास्त्रास इंग्रजीत ऱ्हुमॅटॉलॉजी म्हणतात. ‘ऱ्हूमा’ ह्या ग्रीक शब्दाचा अर्थ प्रवाह. डोक्यातून एखादा दूषित रस खाली वाहत जाऊन सांध्यांत साठतो आणि म्हणून सांधे दुखतात, अशी युरोपात प्राचीन समजूत होती. आपल्याकडील ‘वात’ ह्या शब्दातही गतीचीच कल्पना आहे. ‘माधवनिदान’ ह्या ग्रंथात आमवाताचे वर्णन आलेले असून अपक्व ‘आम’ वायूबरोबर सांध्यांत जाऊन बसतो, असे तेथे मानले आहे. रस वाहतो किंवा वायू वाहतो ही उपपत्ती आज टिकलेली नाही. परंतु त्या जुन्या निरीक्षणातील एक गोष्ट खरी ठरली. कित्येक सांधेदुखींचे मूळ त्या सांध्यात नसते. ते सर्व शरीरात असते व सांधा ही केवळ ते प्रकट होण्याची जागा असते.

आमवात, ज्यास डॉक्टर ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात, त्याचे उदाहरण घ्यावे. शरीराचे रक्षण करणारी प्रतिकारशक्ती ह्या रोगात चुकून स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करते. अस्तर सुजते आणि हळूहळू कूर्चा व हाड पोखरते. हा रोग पुरुषांपेक्षा स्त्रियांत दुपटी-तिपटीने अधिक आढळतो. त्याचे मुख्य साधन औषध हे आहे, शस्त्र नव्हे. वैद्यकाच्या इतिहासात ह्याची प्रचीती १९४८ साली आली. अमेरिकेतील फिलिप हेंच यांनी आमवाताने जखडलेल्या एका स्त्रीस कॉर्टिझोन हे औषध टोचले आणि अंथरुणास खिळलेली ती स्त्री काही दिवसांतच चालू लागली. हेंच व अन्य दोन शास्त्रज्ञांना १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या औषधाचे दुष्परिणाम लवकरच ध्यानात आले. परंतु सांधा औषधाने वाचविता येतो, हे त्या दिवशी सिद्ध झाले.

थोडक्यात सांगावयाचे तर असे : सांध्याची रचना बिघडली असेल तर ते काम प्रथमतः अस्थिव्यंगोपचाराचे, आणि शरीरातील दाहामुळे सांधा बिघडत असेल तर ते काम प्रथमतः संधिवातशास्त्राचे. बिजागरी मोडली तर सुतारास बोलवावे. परंतु दारास वाळवी लागली असेल तर नवी बिजागरी बसवून काय होणार?

सुश्रुताचे दोन विभाग आणि हाडवैद्य

भेद करूनच उपचार करावा, ही दृष्टी आपल्याकडे नवी नाही. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात भग्नाचे दोन मुख्य विभाग केले आहेत. हाड मोडणे म्हणजे कांडभग्न व सांधा निखळणे म्हणजे संधिमुक्त. पहिल्याचे बारा व दुसऱ्याचे सहा प्रकार सांगितले आहेत. वड, पिंपळ, उंबर, पळस, अर्जुन यांसारख्या वृक्षांच्या साली आणि बांबूच्या पट्ट्या यांचा आधार देऊन हाड बांधावे, असे चिकित्सास्थानात म्हटले आहे. बंध फार सैल झाला तर सांधा स्थिर राहात नाही आणि फार घट्ट झाला तर सूज येते, वेदना होतात व कातडी पिकते. म्हणून तो मध्यम असावा, असाही त्यात स्पष्ट इशारा आहे. थंडीत सात दिवसांनी, मध्यम ऋतूत पाच दिवसांनी व उष्णकाळात तीन दिवसांनी तो बंध बदलावा, हेही सांगितले आहे.

हा इशारा आजही तितकाच मोलाचा आहे. खेडोपाडी हाडवैद्यांची परंपरा अद्याप आहे व त्यांपैकी काहींच्या हातांत पिढ्यान्‌पिढ्यांचे कसब असते. आधुनिक अस्थिव्यंगोपचाराच्या आद्य पुरुषांत गणले जाणारे इंग्लंडमधील ह्यू ओवेन टॉमस हेही वेल्समधील हाडवैद्यांच्या घराण्यातलेच होते. त्यांच्या वडिलांनी आपल्या मुलांना वैद्यकाचे रीतसर शिक्षण दिले, हे मात्र विसरता कामा नये. हात कितीही कसबी असला तरी कातडीखालचे हाड त्यास दिसत नाही. १८९५ साली राँटगेन यांनी लावलेल्या क्ष-किरणांच्या शोधानंतर ते पाहण्याची सोय झाली आहे आणि तिचा लाभ न घेणे शहाणपणाचे नाही.

बांबूच्या पट्ट्या करकचून बांधल्या, किंवा प्लास्टर आत सूज आल्याने घट्ट झाले, तर हाताचा वा पायाचा रक्तपुरवठा थांबतो. बोटे बधिर होणे, निळसर वा पांढरी पडणे, थंड लागणे, ती ताणली असता असह्य कळ येणे, आणि वेदना कमी होण्याऐवजी वाढत जाणे, ही त्याची लक्षणे होत. अशा वेळी सकाळची वाट पाहू नये. बंध तत्काळ सैल करावा व रुग्णास तडक रुग्णालयात न्यावे. काही तासांच्या विलंबाने स्नायू मरतात आणि अवयव कापण्याची पाळी येते. मोडलेले हाड उशिरा का होईना जुळविता येते. मेलेला अवयव जिवंत करता येत नाही.

कोणते लक्षण कोणती वाट दाखविते

रोगाचे निदान डॉक्टरांनीच करावयाचे असते. परंतु दारापर्यंत जाण्यापूर्वी काही खुणा कुटुंबीयांना, शिक्षकांना व ग्रामपातळीवरील सेवकांना ओळखता आल्या पाहिजेत.

पडल्यावर, मार लागल्यावर किंवा अपघातानंतर अवयव वाकडा दिसू लागला, त्यावर भार देता येईनासा झाला, तर तो अस्थिव्यंगोपचाराचा विषय आहे. अवयव आहे त्या स्थितीत आधार देऊन स्थिर करावा. चोळू नये, ओढू नये. वृद्ध माणूस घरातल्या घरात घसरून पडले आणि खुब्यात कळ येऊ लागली, तर ‘वयाचे दुखणे’ म्हणून त्यास अंथरुणावर ठेवू नये. हाडे ठिसूळ झाल्यामुळे खुब्याजवळचे हाड मोडलेले असण्याचा संभव असतो, आणि लवकर शस्त्रक्रिया करून रुग्णास उठते-बसते केले नाही तर छातीचे विकार व शय्याव्रण यांनी प्राणावर बेतते.

पन्नाशीनंतर गुडघे चढता-उतरताना दुखतात, विश्रांतीने बरे वाटते, सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासाच्या आत निघून जातो. ही बहुधा सांध्याच्या झिजेची लक्षणे होत. वजन आटोक्यात ठेवणे, मांडीच्या स्नायूंचा व्यायाम आणि बसण्या-उठण्याच्या सवयींत बदल यांनी ह्यातील बराच त्रास कमी होतो. शस्त्रक्रियेचा विचार त्यानंतरचा.

याउलट, दोन्ही हातांच्या बोटांचे सांधे व मनगटे एकाच वेळी सुजली, सकाळी मूठ मिटेना, तो आखडलेपणा तासभर वा त्याहून अधिक टिकला आणि हे सहा आठवड्यांहून जास्त चालले, तर आमवाताचा संशय घ्यावा. तरुण माणसाची कंबर पहाटे जखडते, झोपून राहिल्याने दुखणे वाढते व हालचालीने कमी होते, तर तोही कण्याचा दाहजन्य विकार असू शकतो. ह्या दोन्ही प्रसंगी संधिवाततज्ज्ञाकडे, आणि तो जवळ नसल्यास औषधवैद्यकशास्त्र विभागातील फिजिशियनकडे जावे. बहुतेक जिल्हा रुग्णालयांत संधिवाताचा स्वतंत्र विभाग नसतो. परंतु फिजिशियन हे निदान करू शकतो. पहिल्या काही महिन्यांत औषध सुरू झाले तर सांधे वाचतात. बोटे वाकडी झाल्यानंतर आलेल्या रुग्णास तेच औषध पुरेसे पडत नाही.

शिक्षकांनी एक गोष्ट विशेषेकरून लक्षात ठेवावी. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलास घसादुखी झाली, ती बरी झाली, आणि दोन-तीन आठवड्यांनी ताप येऊन आज गुडघा, उद्या घोटा, परवा कोपर असे सांधे दुखू लागले, तर तो संधिवाती ज्वर असू शकतो. सांधे काही दिवसांत पूर्ववत होतात व घरची मंडळी निश्चिंत होतात. परंतु ह्या रोगाचा खरा घाव हृदयाच्या झडपांवर बसतो. ‘वाढीचे दुखणे’ असे म्हणून तेल चोळत बसल्यास ते मूल पुढे ऐन तारुण्यात धापा टाकू लागते. वेळीच निदान झाले तर दर तीन वा चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे नियमाने देऊन हृदय राखता येते.

आणखी एक प्रसंग तातडीचा आहे. लहान मुलास जोराचा ताप आहे, एकच सांधा गरम व सुजलेला आहे, आणि मूल तो अवयव हलवू देत नाही. अशा वेळी सांध्यात पू झालेला असू शकतो. त्यास त्याच दिवशी अस्थिव्यंगोपचार विभागात न्यावे. दोन-चार दिवसांचा उशीर त्या सांध्याचा कायमचा नाश करतो.

औषधांविषयी दोन शब्द

आठवडी बाजारात व गल्लीबोळांत ‘वाताच्या पुड्या’ मिळतात. एका पुडीने दुखणे जादूसारखे थांबते आणि कीर्ती पसरते. अशा बिननावाच्या पुड्यांत अनेकदा स्टेरॉइड मिसळलेले असते. हेंच यांच्या कॉर्टिझोनच्याच कुळातले हे औषध आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते उपकारक असते. परंतु न मोजता महिनोन् महिने घेतल्यास चेहरा सुजतो, रक्तातील साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, खुब्याच्या हाडाचा गोळा निकामी होतो, आणि ते एकाएकी थांबविल्यास प्राणास धोका पोहोचतो. म्हणजे ज्या हाडांसाठी पुडी घेतली, तीच हाडे ती खाऊन टाकते.

दुसरा इशारा मेथोट्रेक्झेट ह्या औषधाविषयी. आमवातावर ते फार गुणकारी आहे. मात्र ते आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. लवकर बरे वाटावे म्हणून, किंवा चिठ्ठी नीट न वाचल्यामुळे, ते रोज घेतल्याने मृत्यू ओढवल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नमूद आहेत. घरातील एका वाचणाऱ्या माणसाने आठवड्याचा वार ठरवून दिनदर्शिकेवर खूण करावी.

जेथे दोन्ही वाटा मिळतात

ह्या दोन शास्त्रांचे एकमेकांशी वैर नाही. इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी १९६२ साली खुब्याचा कृत्रिम सांधा यशस्वीपणे बसविला, तेव्हापासून आमवाताने खुबा गमावलेल्या असंख्य रुग्णांना चालता येऊ लागले. तेथे फिजिशियनचे औषध आणि शल्यविशारदाचा हात दोन्ही लागतात. पाठीच्या कण्याच्या क्षयाचेही तसेच आहे. मुख्य उपचार औषधांचा व तो शासनाकडून विनामूल्य मिळतो, पण काहींना शस्त्रक्रियाही करावी लागते.

काही हाडांचे विकार तर दोघांच्याही हाती येण्यापूर्वी टाळता येतात. भारतात पोलिओचा अखेरचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त घोषित झाला. एके काळी अस्थिव्यंगोपचार विभागांच्या दारी पोलिओग्रस्त मुलांची रांग असे; ती रांग शस्त्राने नव्हे, लशीच्या दोन थेंबांनी संपविली. ग्वाल्हेरला लागून असलेल्या शिवपुरी जिल्ह्यात, तसेच महाराष्ट्रात चंद्रपूर व यवतमाळ जिल्ह्यांतील काही गावांत पाण्यातील फ्लोराइडने हाडे व दात बिघडतात. पाण्याच्या एका लिटरमध्ये १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड असावे व दुसरा स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडू नये, असे भारतीय मानक आहे. अशा गावात सर्वांचे सांधे आखडू लागले तर प्रथम विहिरीचे व कूपनलिकेचे पाणी तपासावयास हवे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथे झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करणाऱ्या ह्या कार्यक्रमात जन्मजात वाकडे पाऊल व खुब्याचा दोष यांचा समावेश आहे, तसाच संधिवाती हृदयविकाराचाही आहे. म्हणजे आज चर्चिलेल्या दोन्ही वाटांच्या तोंडाशी हा कार्यक्रम उभा आहे. वाकड्या पावलाचे मूल जन्मताच दाखविले, तर आठवड्या-आठवड्याने प्लास्टर बदलून ते पाऊल बहुधा मोठ्या शस्त्रक्रियेवाचून सरळ होते. आंद्रीच्या त्या झाडाचा हाच अर्थ आहे : कोवळेपणी दोरी पुरते, वठल्यावर करवत लागते.

समारोप

मध्य प्रदेशात १६ ऑक्टोबर २०२२ रोजी भोपाळ येथे वैद्यकाच्या पहिल्या वर्षाची हिंदी पाठ्यपुस्तके प्रकाशित झाली. महाराष्ट्रात १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाल्यापासून मराठी परिभाषेचे काम चालत आले आहे. शास्त्र आपल्या लिपीत येत आहे ही समाधानाची गोष्ट होय. परंतु शब्द पाटीवर आला म्हणजे तो माणसाच्या उपयोगी पडलाच असे नाही. त्याचा अर्थ चावडीवर, शाळेत आणि अंगणवाडीत पोहोचला पाहिजे.

ग्वाल्हेरच्या रुग्णालयात ‘अस्थि रोग’ वाचावे लागो की पुण्यामुंबईत ‘अस्थिव्यंगोपचार’, पाटीखाली उभे राहणाऱ्याने स्वतःस एकच प्रश्न विचारावा : हे दुखणे बाहेरच्या आघाताने व झिजेने आले, की आतल्या दाहाने? उत्तर ठाऊक नसेल तर डॉक्टरांस दुखणे कधी सुरू झाले, सकाळी किती वेळ अंग आखडते, ताप होता काय, मुलाचा घसा दुखला होता काय, आणि आजवर कोणत्या पुड्या घेतल्या, एवढे न लपविता सांगावे. एवढ्या पाच उत्तरांवरून कोणताही जाणता वैद्य योग्य दार दाखवू शकेल. ते दार वेळेवर उघडले जावे, ह्यासाठी गावातील शिक्षक, आशा कार्यकर्त्या व ग्रामसेवक यांनी ह्या दोन शब्दांतील अंतर आपल्या भागातील प्रत्येक घरापर्यंत पोहोचवावे.